देश बदलला, चालणं सुटलं : परदेशस्थ जपानी माणसांच्या आरोग्याचा एक अभ्यास

माणूस देश बदलतो तेव्हा त्याच्या शरीराचं काय होतं? नातेवाइकांत कुणाला मधुमेह किंवा हृदयविकार निघाला की आपण पटकन म्हणतो, “घराण्यातच आहे.” हे कितपत खरं, ते तपासायचं तर एकाच वंशाची माणसं वेगवेगळ्या देशांत राहून कशी जगतात ते पाहावं लागेल. अशी संधी संशोधकांना मिळाली ती परदेशी स्थायिक झालेल्या जपानी लोकांमुळे.

जपानी मजुरांची पहिली तुकडी १८६८ साली हवाईला पोचली. १८८५ पासून सरकारी करारावर उसाच्या मळ्यांसाठी हजारो माणसं गेली. १९०८ मध्ये ‘कासातो मारू’ जहाजाने ७८१ जण ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरले आणि कॉफीच्या मळ्यांकडे गेले. या लोकांच्या आयुष्यात बसणं कमी आणि राबणं फार होतं. बैठं जीवन आलं ते मुला-नातवंडांच्या वाट्याला : शिक्षण, कचेरी, मोटार आणि संध्याकाळी टीव्हीसमोरचा सोफा. प्रगती झाली, यात वादच नाही. पण तिची किंमतही मोजावी लागली.

ती किंमत पहिल्यांदा नीट मोजली गेली १९६५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘नि-हॉन-सान’ अभ्यासात. निप्पॉन म्हणजे जपान, हॉन म्हणजे होनोलुलू आणि सान म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. हिरोशिमा-नागासाकी, हवाई आणि कॅलिफोर्निया इथल्या सुमारे १२ हजार जपानी वंशाच्या मध्यमवयीन पुरुषांची एकाच पद्धतीने तपासणी झाली. रक्त एकच, तरी हृदयविकाराचं प्रमाण जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मधलं आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त! मायदेशी सगळं उत्तम होतं असंही नाही बरं का. पक्षाघाताचं प्रमाण जपानमध्येच जास्त होतं. खारवलेल्या, मिठाच्या जेवणाशी आणि रक्तदाबाशी त्याचा संबंध जोडला जातो.

आहारातली चरबी वाढली, वजन वाढलं, कोलेस्टेरॉल वाढलं, हे खरंच. पण चालण्याचं काय? याचं उत्तर होनोलुलूच्या हृदय-अभ्यासातून मिळालं, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे ८,००६ जपानी वंशाच्या पुरुषांचा अनेक दशकं पाठपुरावा झाला. त्यांतल्या ६१ ते ८१ वर्षांच्या, धूम्रपान न करणाऱ्या ७०७ निवृत्त गृहस्थांना, दिवसाला साधारण किती चालता, एवढंच विचारलं होतं. पुढच्या १२ वर्षांत काय घडलं ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. दिवसाला एका मैलाहून कमी चालणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के वारले. दोन मैलांहून जास्त चालणाऱ्यांपैकी २३.८ टक्के. कोणी शंका काढील की जे आजारी तेच कमी चालत असतील. म्हणूनच धडधाकट, चालू शकणाऱ्यांचीच निवड केली होती. ही शंका तरीही पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते.

आणि इथे फक्त आयुष्याच्या लांबीचा प्रश्न नाही. याच अभ्यासातल्या ७१ ते ९३ वर्षांच्या २,२५७ पुरुषांत, दिवसाला पाव मैलही न चालणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका दोन मैलांहून जास्त चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १.८ पट आढळला (२००४). म्हातारपणी नातवाचं नाव आठवणं, एकट्याने दुकानात जाऊन येणं, यालाच आपण जीवनाचा दर्जा म्हणतो ना? होनोलुलूचा हा अभ्यास फक्त पुरुषांचा, ही त्यातली मोठी उणीव.

बसून राहिल्याने नेमकं बिघडतं काय? पायांचे आणि मांड्यांचे स्नायू हे जेवणानंतरची साखर रक्तातून उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. ते तासन् तास स्वस्थ राहिले की साखर रक्तात रेंगाळते, इन्शुलिन जास्त लागतं. सिअ‍ॅटलमधल्या जपानी-अमेरिकनांवर १९८३ पासून झालेल्या अभ्यासात दिसलं की मधुमेहाचं भाकीत एकूण वजनापेक्षा पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी जास्त चांगलं करते. माणूस दिसायला सडपातळ, पण पट्ट्याचं भोक मात्र दरवर्षी पुढे! ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या भारतीय उपखंडातल्या लोकांचीही चरबी पोटातच साठते. म्हणून आशियाई लोकांसाठी धोक्याची पातळी बॉडी मास इंडेक्स २५ ऐवजी २३ पासूनच धरावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवलं.

जपानमधली माणसं मात्र बसत नाहीत, असा गैरसमज नको. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २० देशांच्या पाहणीत जपान सर्वांत जास्त बसणाऱ्या देशांपैकी एक निघाला, दिवसाला सात तास! पण शहरातला जपानी नोकरदार स्टेशनपर्यंत चालतो, जिने चढतो, गाडीत उभा राहतो. व्यायाम म्हणून नव्हे, तर दुसरा इलाज नाही म्हणून. कॅलिफोर्नियात त्याचा चुलतभाऊ गॅरेजमधून निघतो तो थेट ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरतो. आळस दोघांत सारखाच, शहरं निराळी.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,८०९ जपानी-अमेरिकनांची पाहणी १९७६ मध्ये मांडली. जे आपल्या समाजाशी, परंपरेशी घट्ट बांधलेले राहिले त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी. जे सर्वांत दुरावले त्यांच्यात तीन ते पाच पट. आहार, धूम्रपान, रक्तदाब हे हिशेबात धरूनही फरक पूर्णपणे पुसला गेला नाही. म्हणजे माणसांत राहणं हेही औषध असावं.

ब्राझीलमधल्या जपानी ज्येष्ठांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातलेली दिसते. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर लागणारे ‘राजिओ ताइसो’ हे तीनेक मिनिटांचे संगीतावरचे व्यायाम साओ पावलोच्या लिबर्दादे भागात सकाळी एकत्र जमून केले जातात. काठीने चेंडू फाटकातून मारण्याचा ‘गेटबॉल’ खेळही तिथे रुजला. दोन्हींना महागडी साधनं लागत नाहीत, घामाघूम व्हावं लागत नाही, आणि एखादा आला नाही तर बाकीचे विचारतात.

आपल्या मंडळातल्या आजी-आजोबांनाही हे जमण्यासारखं आहे. होनोलुलूचे ते दोन मैल एका दमात चालायचे नव्हते. दिवसभराचे मिळून होते. रमतगमत चाललं तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, त्यातली निम्मी सकाळी आणि निम्मी रात्रीच्या जेवणानंतर.