कॉलेजच्या पोरी गावात येतात तेव्हा

(या महिन्याचा अभ्यासपाठ. बचत, कर्ज आणि परतफेडीच्या नोंदी झाल्यावर बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करून ठराव इतिवृत्तात लिहावा.)



हिवाळा लागला की आपल्या आर्णी तालुक्यातल्या एखाद्या गावात कॉलेजच्या मुलामुलींचं शिबिर लागतं. शाळेत मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, हातात झाडू-फावडी. आपण दारात उभ्या राहून पाहतो आणि म्हणतो, "साफसफाईवाले पोट्टे आले." सात दिवसांनी ते जातात आणि आपण विसरतो. हे शिबिर नेमकं कशाचं असतं, आपल्या गटाला त्याचा काय उपयोग, आणि आपली पोरगी त्यात पाठवावी का, या तीन गोष्टी आज समजून घेऊ.

रासेयो म्हणजे काय?

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे रासेयो. पोरी तिला एनएसएस म्हणतात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी ती देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. म्हणून 24 सप्टेंबर हा रासेयो दिन. 'माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी' असा तिच्या ब्रीदवाक्याचा अर्थ आहे.

आपला यवतमाळ जिल्हा ज्या विद्यापीठात येतो, त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. ज्यांनी गावोगाव आधी खराटा हाती घेतला आणि मग कीर्तन केलं, त्यांच्या नावाच्या विद्यापीठातल्या पोरींनी गावात येऊन काम करणं हे साजेसंच आहे.

मुलींनी गट करून समाजाचं काम करणं तसं नवं नाही. सावित्रीबाईंनी 1852 साली पुण्यात महिला सेवा मंडळ काढलं. तिकडे अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचे भगिनी-गट असतात, त्यांना सोरॉरिटी म्हणतात. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 22 कृष्णवर्णीय मुलींनी जानेवारी 1913 मध्ये असा एक गट काढला, आणि दोनच महिन्यांत, 3 मार्चला, त्या बायकांच्या मताच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात चालल्या. वर्गणी, सभा, पदाधिकारी, एकमेकींचा आधार हे सगळं त्यांच्याकडेही असतं. म्हणजे बचत गटच समजा, फक्त कॉलेजातला.

एका वर्षाचा हिशोब

रासेयोतल्या प्रत्येकाला वर्षाला 120 तास काम करायचं असतं. त्यातले साधारण 20 तास माहिती-प्रशिक्षणाचे, 30 कॉलेजच्या आवारातले आणि 70 तास समाजातल्या कामाचे. असं दोन वर्षं, म्हणजे 240 तास. त्याशिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर.

आता आपल्या पद्धतीने हिशोब करू. एका पथकात 100 मुलंमुली धरली, तर समाजासाठीचे तास झाले 7,000. आठ तासांचा एक दिवस धरला, तर 875 दिवसांची मजुरी. एवढी मेहनत दरवर्षी आपल्या तालुक्यात फुकट मिळण्यासारखी आहे. ती कुठे लावायची हे आपण सांगितलं नाही, तर ती झाडझुडीत आणि फोटोत संपते.

माझा अनुभव

मी स्वतः कॉलेजात असताना रासेयोत होते. आमच्या शिबिरात आम्ही एका वस्तीत सहा शोषखड्डे खणले. हाताला फोड आले होते. शेवटच्या दिवशी टाळ्या झाल्या, आम्ही गाडीत बसून परत आलो.

दोन पावसाळ्यांनंतर गटाच्या कामासाठी त्याच वस्तीत गेले. पाच खड्डे बुजले होते. एकात तर कचरा टाकत होते. सहावा मात्र चालू होता. त्या घरची बाई आमच्यासोबत दगड वाहायला आली होती, मडकं का बसवतात हे तिने विचारून घेतलं होतं, आणि आठवड्याला ती ते साफ करत होती. बाकीच्या पाच घरी आम्ही कोणाला काही सांगितलंच नव्हतं. घरच्या बाईला न विचारता तिच्या सांडपाण्याचं काम केलं, ही चूक आमची होती.

शोषखड्डा करायला सोपा आहे. साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. तळाला मोठे दगड, वर मध्यम, त्यावर बारीक. वर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात काथ्या किंवा गवत. मोरीचं पाणी त्यातून जातं, खरकटं आणि तेलकटपणा मडक्यात अडकतो. ते साफ केलं नाही तर दगडांच्या फटी बुजतात आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येतं. खड्डा विहीर आणि हातपंपापासून लांब घ्यायचा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव (ता. हिमायतनगर) शोषखड्ड्यांमुळेच डासमुक्त गाव म्हणून ओळखलं गेलं. तिथल्या लोकांनी ते टिकवलं, हे महत्त्वाचं.

गटाने काय मागावं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्य, शिक्षण आणि पंचायतराजही आहे. ग्रामसंघाने शिबिराच्या आधीच कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना पत्र द्यावं आणि अशी कामं मागावी:

1. शोषखड्डे. अट एकच: घरची एक बाई कामात सोबत हवी आणि देखभाल तिला शिकवायची.

2. सिकलसेल आणि रक्तातल्या लोहाची तपासणी. उपकेंद्राच्या ताईंसोबत मुली घरोघरी जाऊन बायकांना आणतील. नवराबायको दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी.

3. मतदार यादी. 18 वर्षं पूर्ण झालेल्या पोरी आणि लग्न होऊन गावात आलेल्या सुना, यांची नावं आहेत का ते पाहून अर्ज भरायला मदत.

4. मोबाईलचा व्यवहार. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे प्रत्येकीकडून करून घ्यावं.

5. हिशोबाची उजळणी. पण वही त्यांनी लिहायची नाही. आपण लिहायची, त्यांनी समजावायचं. त्या गेल्यावर वही बंद पडू नये.

आणि आपली पोरगी?

आता अवघड प्रश्न. पोरगी घरी येऊन म्हणते, "आई, शिबिराला जाऊ का?" आणि घरात सुरू होतं, "सात दिवस बाहेर राहीन, लोक काय म्हणतीन?" त्यातच कापूस वेचणीचे दिवस. सात दिवसांची मजुरी बुडते, हे खरं आहे. ते नाकारून चालणार नाही.

पण दुसरी बाजूही मांडा. बारावीनंतर कित्येक पोरींचं शिक्षण थांबतं, कारण त्या कधी एकट्या बाहेर राहिलेल्याच नसतात. जी सात दिवस मैत्रिणींसोबत राहते, सरपंचासमोर उभी राहून बोलते, तिला उद्या यवतमाळला परीक्षेला किंवा कामाला जाताना भीती कमी वाटते. आणि पोरीचं शिक्षण चालू राहिलं तर लग्नाची घाईही थोडी मागे पडते.

'नाही' म्हणण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: मुलींचा मुक्काम कुठे? रात्री सोबत कोणत्या बाई शिक्षिका? संडास-न्हाणीची सोय काय? अडचण आली तर फोन कोणाला? शिबिराला सरकारी अनुदान असतं, मग पैसे मागितले तर कशासाठी? उत्तरं नीट मिळाली तर पाठवा. नाही मिळाली तर सोय करून मागा. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर गटाच्या दोघी-तिघींनी मिळून जावं. बँकेत आपण तशाच गेलो होतो.

बैठकीत चर्चेसाठी

1. गावात आजवर झालेल्या शिबिरातलं कोणतं काम अजून टिकून आहे? का टिकलं?
2. आपल्या गटातल्या किती जणींच्या मुली कॉलेजात आहेत? त्यातल्या किती रासेयोत आहेत?
3. वरच्या पाच कामांपैकी आपल्या गावाला सर्वांत गरजेचं कोणतं?
4. वेचणीच्या दिवसांत पोरगी शिबिराला गेली, तर त्या घराला गट काय मदत करू शकतो?

गृहपाठ: तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा ठराव करून ग्रामसंघाकडे द्या. पुढच्या बैठकीत पत्र गेलं की नाही, हे सचिवांना विचारा.