चित्राचे माप आणि आईचे हात

संकेतस्थळाच्या पानावर चित्र आणणे हे एचटीएमएलचे काम, तर ते कसे दिसावे हे ठरविणे सीएसएसचे काम होय. सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी १९९४ साली मांडली व १९९६ मध्ये तिचे पहिले प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले. एवढे मला पाठ होते. समजले मात्र आईमुळे.

सुट्टीत मी छंद म्हणून आईच्या गोधड्यांचे संकेतस्थळ तयार केले. पहिल्या पानावर ती गोधडी शिवत असतानाचे छायाचित्र लावले. मूळ चित्र ६०० पिक्सेल रुंद व ८०० पिक्सेल उंच होते. मी रुंदी आणि उंची दोन्ही ४०० लिहिली. आई म्हणाली, "ही सुजलेली बाई कोण रे?"

दोष कॅमेऱ्याचा नव्हता; मूळचे प्रमाण मीच मोडले होते. 'ऑब्जेक्ट-फिट' या गुणधर्माला 'कव्हर' हे मूल्य देताच चेहरा सुधारला. परंतु चौकोन भरण्यासाठी वरखालचा भाग कापला गेला आणि सुई धरलेले हात दिसेनासे झाले. 'कंटेन'ने हात परत आले, पण दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. अखेर रुंदी ३०० ठेवून उंची 'ऑटो' केली. ती आपोआप ४०० झाली. 'मॅक्स-विड्थ' १०० टक्के ठेवल्याने अरुंद पडद्यावरही चित्र पानाबाहेर जात नाही.

गोधड्यांच्या चित्रांना मात्र 'कव्हर'च ठेवले. कडा थोडी कापली तरी नक्षी कळते. आईला अक्षरओळख नाही. पण चौकटीसाठी माणूस कापू नये, हा धडा मला तिच्याकडूनच मिळाला.