आपल्या ताटातील मासळी

प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार ही आहारशास्त्रातील नावे आपणा सर्वांना मुखोद्गत असतात. परीक्षेत त्यांवर टिपाही आपण उत्तम लिहितो. परंतु पुस्तकातील हे ज्ञान बहुधा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीच थबकते. मासळीच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. बेळगावास समुद्र काही फार दूर नाही. चोर्ला घाटाने गोव्याची आणि आंबोली घाटाने वेंगुर्ल्याकडची मासळी येथवर येते. तरीही घाटावरील पुष्कळ मांसाहारी घरांत रविवारी मटण किंवा कोंबडी हाच परिपाठ असून, मासा हा क्वचित येणारा पाहुणा राहिला आहे. कारण विचारल्यास तीन उत्तरे ऐकू येतात : मासे महाग असतात, ताजे कोणते ते कळत नाही आणि काट्यांचे भय वाटते. या तिन्ही अडचणी अज्ञानातून आलेल्या आहेत, आणि ते अज्ञान थोड्याशा अवलोकनाने दूर होण्याजोगे आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. ज्या घरांत मत्स्याहार वर्ज्य आहे, त्यांच्या आचाराविषयी पूर्ण आदर ठेवूनच हे विवेचन केले आहे.

प्रथम मासळीचे महत्त्व पाहू. मध्यम आकाराचा एक बांगडा घेतला, तर त्याच्या मांसातून सुमारे चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे दोन अंड्यांहून काहीशी अधिकच. माशाच्या मांसात चिवट तंतू कमी असल्यामुळे ते लवकर शिजते व सहज पचते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत ‘ड’ जीवनसत्त्व असते, तसेच मेंदूच्या व डोळ्यांच्या घडणीस लागणारी ओमेगा-३ नावाची स्निग्धाम्ले असतात. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व तर वनस्पतींतून जवळजवळ मिळतच नाही. ते मासळीतून मिळते.

मुलींच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात पुरते शोषले जात नाही. पण त्याच जेवणात थोडी मासळी असली आणि वर लिंबू पिळले, तर ते अधिक शोषले जाते. म्हणजे मासा स्वतः पोषण देतोच, शिवाय शेजारच्या भाजीचेही पोषण वाढवितो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहारविषयक मार्गदर्शनात आठवड्यास निदान १०० ते २०० ग्रॅम मासे खावेत असे सुचविले आहे. दोन वेळच्या जेवणांत हे प्रमाण सहज पुरे होते.

आता महागाईचा प्रश्न. पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी हे मासे महाग आहेत खरे. परंतु महाग मासा तो पौष्टिक आणि स्वस्त तो हलका, हा समज निराधार आहे. वर सांगितलेले गुण तारली व बांगडा या सामान्य माशांत विपुल आहेत. मांदेली, पेडवे यांसारखी बारीक मासळी कुरकुरीत भाजून काट्यांसकट खाता येते. त्यामुळे हाडांस लागणारे कॅल्शियमही मिळते. पापलेटाचा काटा आपण टाकून देतो, म्हणजे ते कॅल्शियमही टाकून देतो! शिवाय मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठण्याचा संभव असतो, तो या लहान माशांत फारच कमी. तेव्हा गरिबाचा म्हणून हिणविला गेलेला मासाच वाढत्या वयाच्या मुलांना अधिक हितकर ठरतो.

दुसरी अडचण ताजेपणाची. ताज्या माशाचे डोळे स्वच्छ व किंचित फुगीर असतात. शिळ्या माशाचे डोळे गढूळ होऊन आत जातात. कल्ला उचलून पाहावा. तो लालभडक असावा, तपकिरी किंवा पांढुरका नसावा. अंगावर बोटाने दाबल्यास खळगा न राहता मांस पूर्ववत् वर यावे. वास समुद्राचा यावा, उग्र येऊ नये. घाटावर मासा बर्फातूनच येणार; बर्फातला म्हणजे शिळा असे नव्हे, मात्र बर्फ मध्ये तुटलेला नसावा. बांगडा, तारली व कुपा हे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजविल्याने नाहीसे होत नाही व अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, उलट्या होणे असा त्रास होतो. म्हणून दुपारी स्वस्त मिळतो एवढ्यासाठी उघड्या पाटीवरचा बांगडा घेऊ नये. सकाळी घ्यावा, घरी येताच साफ करावा आणि त्याच दिवशी शिजवावा.

तिसरी अडचण काट्यांची. रोहू, कटला, मृगळ या तळ्यांतील व धरणांतील माशांच्या मांसात बारीक दुफाट्याचे काटे विखुरलेले असतात. नवख्याने त्यांपासून आरंभ करू नये. बांगड्याला मधला कणा मुख्य. तो धरून उचलला की मांस दोन्ही बाजूंनी मोकळे होते. लहान भावंडांसाठी मासा उकडून, काटे नीट निवडून, कुस्करलेल्या बटाट्यात मिसळावा व त्याच्या चपट्या वड्या तव्यावर परताव्यात.

आता रोजच्या जेवणात मासळी वाढविण्याचे काही सुलभ मार्ग. पहिला मार्ग वार ठरविण्याचा. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरी पाळले जातात; तेव्हा बुधवार किंवा शुक्रवार मासळीचा ठरवावा आणि महिन्यातील एखाद्या रविवारी मटणाऐवजी मासे आणावेत. दुसरा मार्ग तव्याचा. माशाला मीठ, हळद, तिखट व आमसुलाचा आगळ चोळून, रव्यात घोळवून थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी भाजावे. भाकरीबरोबर हे उत्तम लागते आणि कढईभर तेलही लागत नाही. तिसरा मार्ग कालवणाचा. मटणाचे सुक्या खोबऱ्याचे, तिळाचे जड वाटण येथे नको. ओले खोबरे, सुकी मिरची, धने व चिंच एवढे वाटून उकळावे, मग मासे सोडावेत; दहा मिनिटांत काम होते. आमच्या कोंकणी घरांत यालाच ‘हुमण’ म्हणतात. बांगडा असल्यास त्यात चार तिरफळे ठेचून घालतात.

चौथा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि तो घाटावर पूर्वीपासून ठाऊक आहे : आठवडी बाजारातील सुकट. वाळलेल्या जवळ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. मूठभर जवळा निवडून, कोरडा भाजून वांग्याच्या किंवा बटाट्याच्या भाजीत घातला की साऱ्या घराच्या भाजीला मासळीची जोड मिळते. भाजलेल्या जवळ्यात चिरलेला कांदा, ओले खोबरे, तिखट व आमसूल कालविले की गोव्याची ‘किसमूर’ होते; डाळभाताशी चटणीसारखी ती घ्यावी. मात्र खारा बांगडा किंवा खारवलेले इतर मासे आधी भिजत घालून ते पाणी टाकून द्यावे. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी ते न खाणेच बरे.

मासळीलाही ऋतू आहे, हे विसरता कामा नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण पुष्कळ मासे याच सुमारास अंडी घालतात. श्रावणात मासे न खाण्याचा आपल्याकडील प्रघात या काळाला जवळचाच आहे. या दिवसांत बाजारातील समुद्रमासळी बहुधा दूरची किंवा साठवणीची असते. ज्यांना खावयाचेच आहे त्यांनी तेव्हा जवळच्या तळ्यातील रोहू-कटला घ्यावा किंवा घरातील सुकट काढावी. तसेच, बोटाएवढी बांगड्याची पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. ती वाढली तरच पुढच्या वर्षी बांगडा स्वस्त राहील.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी घरची मंडळी बाजारास निघाली की वही घेऊन त्यांच्याबरोबर जा. पाच माशांची नावे, त्यांचा भाव, डोळ्यांचा व कल्ल्यांचा रंग टिपून घ्या, आणि त्याच दिवशीचा मटणाचा भावही शेजारी लिहा. मासे विकणाऱ्या मावशींना आदराने विचारा. माशांविषयी त्यांना जेवढे ठाऊक असते तेवढे पुस्तकांतही क्वचितच सापडते. मग घरी ती वही आईवडिलांपुढे ठेवून हिशेब मांडा. आपल्या ताटात काय असावे याचा विचार करण्याइतके तुम्ही आता मोठे झाला आहात.