दम लागतो? आधी मोजमाप, मग औषध



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खत आणि पाणी हे विषय घेतो. या वेळचा विषय अंगाचा आहे, पण त्याचे मूळ पुष्कळदा आपल्या फडातच सापडते. गटात फिरताना बांधावर छाती धरून बसलेली तरणीताठी पोरे आम्हाला दिसतात. विचारले तर म्हणतात, "काही नाही साहेब, जरा दम लागतो." हे 'जरा' काय असते, हे आम्ही स्वतः भोगले आहे. म्हणून हा लेख.

आमची हकीकत

आम्ही कृषी पदविका घेऊन नोकरीस लागलो तेव्हा वय २३. साल २००४-०५ चा गाळप हंगाम. पहाटे थंडीत प्लॉट पाहायला निघायचे, दिवसभर पाचटाची धूळ, संध्याकाळी जळत्या फडाचा धूर. डिसेंबरात खोकला सुरू झाला. पुढे रात्री तीन-साडेतीनला जाग येऊ लागली. उठून बसल्याशिवाय श्वास घेता येईना. छातीत बारीक शिट्टी वाजायची. दुपारी मात्र एकदम ठणठणीत!

पहिल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक आणि इंजेक्शन दिले. चार दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या दोन महिने घेतल्या, गुण शून्य. घरात आई म्हणायची, "लग्नाचं पोरगं आहे, दमा-बिमा कुठं बोलू नका." आम्हीही बोललो नाही. असे दोन हंगाम गेले.

अखेर एका रात्री वाक्य पुरे करता येईना, तेव्हा थोरल्या भावाने जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी जीव सावरला. पुढच्या आठवड्यात बोलावून आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. रात्री वाढते का? थंडीत, धुरात, धावल्यावर काय होते? लहानपणी कधी झाले होते? घरात कोणाला दमा, सारखी सर्दी, अंगावर खाज? काम काय करता? हे प्रश्न म्हणजेच निदानाची अर्धी वाट.

फुंकण्याची चाचणी

नंतर त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावले. या चाचणीला स्पायरोमेट्री म्हणतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि पूर्ण जोर लावून, शेवटपर्यंत सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, हे यंत्र मोजते. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते, त्यांचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साठतो. त्यामुळे पहिल्या सेकंदातली हवा घटते.

आमची त्या दिवशीची चाचणी मात्र सरळ आली! छातीचा फोटोही स्वच्छ. आम्ही म्हटले, "म्हणजे काहीच नाही तर?" डॉक्टर म्हणाले, "अहो, दुपारी पाटाला पाणी नव्हते म्हणून रात्री पाळी आलीच नाही, असे म्हणाल का?" दमा येतो-जातो. चांगल्या दिवशी फोटो, चाचणी, छातीचा आवाज सगळे ठीक असू शकते. म्हणून एक चाचणी चांगली आली एवढ्यावर विषय संपत नाही.

त्यांनी श्वासाचा वेग मोजणारे एक लहान यंत्र दिले. त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात. सकाळ-संध्याकाळ तीन-तीनदा फुंकायचे, त्यातला मोठा आकडा वहीत मांडायचा, असे दोन आठवडे. आमचे सकाळचे आकडे ३४० च्या आसपास, संध्याकाळचे ४५० च्या. मोठ्या माणसात दिवसातला हा फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त राहिला तर दम्याचा संशय बळावतो. आमचा फरक पंचवीस टक्क्यांच्या वर होता.

मग त्रास असताना पुन्हा स्पायरोमेट्री केली. पहिल्या सेकंदाची हवा २.४० लिटर. श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध पंपाने देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले, तर २.८८ लिटर. वाढ ४८० मिलिलिटर, म्हणजे २० टक्के. १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, या दोन्हींहून जास्त वाढ झाली तर दम्याच्या निदानाला पुरावा मिळतो. दोन हंगामांचे कोडे त्या दिवशी सुटले. चाचणीआधी कोणता पंप किती तास घ्यायचा नाही, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

प्रत्येक धाप दमा नव्हे

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, ते पाहतो. तसेच इथे आहे.

१) दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.
२) रक्त कमी असले तरी थोड्या कामाने धाप लागते. विशेषतः आपल्या लेकीसुनांचे हिमोग्लोबिन पाहावे.
३) पायाला सूज, आडवे झाल्यावर दम, किंवा लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल तर हृदयाची तपासणी हवी.
४) साठवलेल्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीनेही आजार होतो. त्याला बगॅसोसिस म्हणतात. बगॅस हलवल्यावर काही तासांनी ताप, खोकला आणि धाप येते. तो दमा नव्हे. आपण कुठे काम करतो हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.

पंपाची भीती

"पंप लागला की सुटत नाही," असे पारावर सांगतात. हिशेब करून पाहा. साल्ब्युटॅमॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४००० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते सगळ्या अंगभर फिरते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, तेही थेट श्वासनळीत. ठिबकने मुळाशी पाणी द्यावे, तसे. पंपाची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहते. पण नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दिवस काढू नयेत. सूज कमी करणारे, श्वासातून घ्यायचे स्टेरॉईड औषध सोबत हवे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०१९ पासून सांगितले आहे. बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करू नये.

आणि पाचट जाळू नका. एक आड एक सरीत ठेवा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. जमिनीला खत होईल आणि शेजारच्या घरातले पोर रात्री झोपेल.

थोडक्यात

- दम कधी, कुठे, कशाने लागतो ते पंधरा दिवस वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा.
- फुंकण्याची चाचणी मागून घ्या. पहिली सरळ आली तरी त्रास असताना पुन्हा करा.
- बोलताना वाक्य तुटत असेल किंवा ओठ निळे पडत असतील तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.
- लग्नासाठी आजार लपवू नका, मुलीचा तर मुळीच नाही. आमच्या लग्नाच्या बैठकीत आम्ही पंप खिशातून काढून दाखवला होता. सासरे म्हणाले, "औषध आहे ना? मग झालं."

आज चाळिशी उलटली. पंप खिशात आहे आणि प्लॉटची पाहणी पहाटेच चालू आहे. आपण ब्रिक्स मोजल्याशिवाय तोडणीचा क्रम लावत नाही. मग पोराचा श्वास तरी न मोजता कसा सोडायचा?

आपला,
ऊस विकास अधिकारी