आजी विसरते, आपण विसरू नये

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणतो. म्हातारपणी थोडा विसर पडायचाच. पाहुण्याचे नाव चटकन आठवत नाही, मागाहून आठवते. त्यात काळजीचे कारण नाही.

पण काही घरांत निराळेच घडते. आजी जेवून हात धुते आणि लगेच विचारते, “मला कुणी जेवायला का वाढत नाही?” जन्मभर भाकरी थापली, पण आता पिठाचे काय करायचे ते सुचत नाही. आजोबा आपल्याच आळीत वाट चुकतात. पोटच्या पोराला विचारतात, “तू कुणाचा रे?”

हा हट्ट नव्हे. सोंग नव्हे. भूतबाधा तर नव्हेच. हा मेंदूचा रोग आहे. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरचा रोग. त्या नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याची हकीकत पहिल्यांदा मांडली. या रोगात मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. बहुधा नव्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे राहतात. म्हणून सकाळची न्याहारी आठवत नाही, पण माहेरची विहीर आठवते.

आधी डॉक्टरांना दाखवा

मांत्रिकाकडे जाऊ नका. सरकारी दवाखान्यात न्या. थायरॉइडच्या विकाराने किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो. तो औषधाने सुधारू शकतो. अल्झायमरचा रोग मुळापासून बरा करणारे औषध मात्र अजून नाही. गोळ्यांनी काहींना थोडा उतार पडतो, इतकेच. माणूस एक-दोन दिवसांतच एकाएकी बरळू लागला, तर मात्र थांबू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, अंगातले पाणी कमी होणे अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाद घालू नका

समजा, सासूच्या पाटल्या सापडत नाहीत. तिनेच त्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या आहेत. पण ती साऱ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडते, “सुनेनं चोरल्या!” जी सून रात्रंदिवस तिचे करते, तिलाच हा बोल. मन पोळते. पोळणारच. पण ‘मी चोर नाही’ असे शंभरदा सांगून उपयोग नाही. ठेवल्याची आठवणच पुसली गेली आहे. सुनेने म्हणावे, “आत्याबाई, सापडत नाहीत होय? चला, दोघी मिळून बघू.” शोधता शोधता राग निवतो.

आणि शेजाऱ्यांना कुणी सांगायचे? मुलाने. “आईला आजार आहे. माझ्या बायकोची चूक नाही,” असे त्याने चारचौघांत बोलावे.

रोजची वागणूक

एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आधी “उठा.” उठल्यावर “हात धुवा.” जेवण, आंघोळ, झोप रोज ठरल्या वेळी असावी. जेवताना ताठ बसवावे, म्हणजे घास अडकत नाही. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवावा. आडावर झाकण घालावे. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे.

माणसाला रिकामे बसवू नये. शेंगा सोलणे, वाती वळणे, अशी हाताला ठाऊक असलेली कामे द्यावीत. काम चुकले तर हसू नये. जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात. बोलणे आटलेली आजीसुद्धा कधी कधी ओवीत सूर मिळवते.

सही-अंगठ्याला जपा

अशा माणसाकडून जमिनीच्या कागदावर सही किंवा अंगठा घेणारे लोक भेटतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, ज्याला व्यवहार समजत नाही त्याचा करार धरला जात नाही. पण ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्यापेक्षा आधीच सावध राहावे. कागद आला की आपण स्वतः शेवटपर्यंत वाचावा. आता आपल्याला वाचता येते ना!

सांभाळणारीलाही सांभाळा

हे काम वर्षानुवर्षे चालते. ते एकट्या सुनेच्या किंवा लेकीच्या गळ्यात पडते. तीही माणूसच आहे. तिला रात्रीची झोप हवी. मुलांनी, भावांनी पाळ्या लावाव्यात. एखादे दिवशी तिच्या तोंडून वेडावाकडा शब्द गेला, तर तिला दोष देण्याआधी आपण किती रात्री जागलो ते मोजावे. मन फार थकले तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. मनाच्या त्रासाविषयी सल्ला देणारी ही सरकारी सेवा २०२२ सालापासून आहे. तिला पैसे पडत नाहीत.

आजीला आपले नाव आठवत नाही. पण मायेचा हात तिला कळतो. तिने आपल्याला लहानाचे मोठे केले, हे आपल्याला तर आठवते!

अभ्यास

१. साधा विसर आणि स्मृतिभ्रंश यांत फरक काय?
२. पाटल्या हरवल्यावर सुनेने काय म्हणावे? मुलाने काय करावे?
३. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा: माणसाचे नाव, गाव, घरच्याचा फोन क्रमांक. घरात असा आजारी असेल, तर ती त्याच्या खिशात शिवून टाका. वाट चुकला, तर हीच चिठ्ठी त्याला घरी आणील.