वेल्डिंगच्या पोटातला दोष सांगणारा आवाज
अल्ट्रासॉनिक तपासणी : कारागिरांसाठी एक धडा

नांदेड आणि लातूरच्या बाजारपेठांत, औद्योगिक वसाहतींत आपले अनेक तरुण वेल्डिंगवर रोजी कमावतात. ट्रॉली, शेड, टाक्या, गेट बनवणारे कसबी हात आपल्याकडे आहेत. त्याच हातांना पुढची पायरी दाखवावी म्हणून या आठवड्यात आम्ही अल्ट्रासॉनिक तपासणीची माहिती देत आहोत.

गरज कशासाठी?

जोड वरून कितीही सुबक दिसला तरी आत स्लॅग अडकलेला असतो, हवेची पोकळी राहिलेली असते, प्लेटची धार नीट वितळलेली नसते किंवा बारीक तडा असतो. गेटच्या जोडात हे खपून जाते. रेल्वेचा रूळ, बॉयलरचा ड्रम किंवा पुलाचा गर्डर असेल तर माणसे जिवाला मुकतात. जोड कापून पाहिला तर दोष कळेल, पण जोडही वाया जाईल. म्हणून माल न तोडता आत पाहण्याची विद्या निघाली.

तत्त्व सोपे आहे

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोलाद तपासताना साधारण २० ते ५० लाख कंपनांचा आवाज वापरतात. विजेचा झटका मिळताच कंप पावणारा स्फटिक प्रोबमध्ये बसवलेला असतो. स्फटिकाचा दाब आणि विजेचा हा संबंध क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. सरळ प्रोबचा आवाज पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. वाटेत पोकळी किंवा तडा आला की परत फिरतो, आणि यंत्राच्या पडद्यावर टोक उभे राहते. प्रोब व धातू यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरतच नाही. म्हणून तेथे तेल, ग्रीस किंवा पाणी लावतात.

एक हिशेब करून पाहू

वेल्डचा वरचा भाग उंचसखल असल्याने त्यावर प्रोब नीट बसत नाही. म्हणून बाजूच्या प्लेटवरून ४५, ६० किंवा ७० अंशांच्या तिरक्या प्रोबने आवाज आत सोडतात. समजा प्लेट १२ मिलिमीटर जाड आहे, प्रोब ६० अंशांचा आहे आणि पडद्यावर ३६ मिलिमीटर अंतरावर टोक दिसते. ३६ ला ६० अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.५ ने गुणले की १८ येतात. प्लेट तर १२ चीच आहे. म्हणजे आवाज तळाला आपटून ६ मिलिमीटर वर आला, आणि दोष पृष्ठभागापासून ६ मिलिमीटर खोल आहे. आता ३६ ला साइनने, म्हणजे ०.८६६ ने गुणले की सुमारे ३१ येतात. प्रोबवरच्या खुणेपासून पुढे ३१ मिलिमीटर मोजा. ती जागा वेल्डच्या कडेला पडली तर धार न वितळल्याचा संशय घ्यावा. मधोमध पडली तर स्लॅग किंवा पोकळी असू शकते. २४ मिलिमीटरवरचे टोक मात्र तळाचे, म्हणजे रूटचे असते. नवशिके त्यालाच दोष समजतात किंवा खऱ्या दोषाला रूट समजून सोडून देतात. येथे वेल्डरचा अनुभव कामी येतो, कारण दोष कोठे व का पडतो हे त्याला माहीत असते.

आपल्या भागात काम कोठे?

नांदेड हा २००३ पासून दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग आहे. रूळ आणि त्यांचे थर्मिट वेल्डिंगचे जोड या पद्धतीने तपासणे रेल्वेचे नेहमीचे काम आहे. हिवाळ्यात रूळ आकसतो, जोडावर ताण येतो, आणि आतला छोटा तडा तेव्हाच उघडतो. लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. त्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली आणि पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला. डब्याच्या पातळ पत्र्याला ही तपासणी फारशी लागू पडत नाही, पण रेल्वेचे धुरे याच पद्धतीने तपासले जातात. दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत. हंगाम संपल्यावर बॉयलरच्या नळ्या किती झिजल्या हे त्या न कापता मोजता येते.

शिकायचे कसे?

या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. लेव्हल १ चा माणूस लेखी सूचनेप्रमाणे तपासतो. लेव्हल २ चा माणूस यंत्र लावतो, निकाल ठरवतो आणि अहवालावर सही करतो. लेव्हल ३ चा माणूस कामाची पद्धत लिहितो व इतरांना तयार करतो. चेन्नईत मुख्यालय असलेली इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही या क्षेत्रातील देशातील प्रमुख संस्था होय. ठरावीक तासांचे शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, डोळ्यांची तपासणी आणि परीक्षा या चारही गोष्टी लागतात. अनुभव न विचारता चार दिवसांत लेव्हल २ चा कागद हाती देणाऱ्यापासून आपल्या मुलांनी दूर राहावे. फी भरण्याआधी ते प्रमाणपत्र कोणत्या मानकाप्रमाणे आहे आणि कोणते कारखाने ते मानतात, हे विचारून घ्यावे.

सही ही अमानत आहे

या धंद्यात माल विकला जात नाही, साक्ष विकली जाते. ठेकेदार घाईत असतो. 'एवढा जोड पास करून टाका' असे तो म्हणेल, पुढच्या कामाचे आमिषही दाखवेल. मापात खोट करू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. न तपासलेल्या जोडावर सही करणे ही मापातली खोटच आहे. फरक इतकाच की तिची किंमत बॉयलरजवळ उभा असलेला मजूर किंवा रात्रीच्या गाडीत झोपलेला प्रवासी मोजतो. ज्याची सही पैशाने हलत नाही, त्यालाच कारखाने पुन्हा बोलावतात. ज्याच्या हाती हुनर आहे त्याने हिशेब आणि सचोटी जोडावी. इन्शाअल्लाह, रोजी हलाल राहील आणि इज्जतही मिळेल.