रक्तपेशीतील मीठ आणि रक्तदाब

उच्च रक्तदाबावर ‘कॅल्शियमचा मार्ग रोखणारी’ गोळी मिळाली की, “मग दूध सोडावे काय?” असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पेशीच्या रचनेत आहे.

१. पेशीचा तोल : रक्तद्रवात दर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम असते, तांबड्या पेशीच्या आत ते १० च्या आसपासच असते. पेशीच्या आवरणातील पंप दर फेरीस तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्काउ यांनी १९५७ साली या पंपाचा शोध प्रसिद्ध केला. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुक्त कॅल्शियम तर पेशीत बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारपट कमी असते.

२. तोल ढळला तर : अमेरिकेतील मॉर्डेकाय ब्लॉस्टाइन यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले की, रक्तवाहिनीच्या स्नायुपेशीत सोडियम किंचित जरी वाढले, तरी त्याच्या मोबदल्यात बाहेर जाणारे कॅल्शियम आत अडकते. त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो, वाहिनी अरुंद होते व दाब चढतो.

३. रक्तपेशींची साक्ष : रुग्णाच्या वाहिनीचा तुकडा तपासणे सोपे नाही, रक्त मात्र सहज घेता येते. १९८० मध्ये अनेक रुग्णांच्या तांबड्या पेशींत सोडियमची एक देवघेव वेगाने होत असल्याचे आढळले. १९८४ मध्ये बाझेल येथील संशोधकांना रुग्णांच्या प्लेटलेटमध्ये मुक्त कॅल्शियम अधिक दिसले. उपचाराने दाब उतरला तसे तेही उतरले. तथापि सर्वच रुग्णांत असे आढळत नाही. म्हणून निदान आजही दाब मोजूनच होते.

४. बोध : अडचण आहारातील कॅल्शियमची नसून पेशीतील तोलाची आहे. अॅम्लोडिपिनसारखी गोळी वाहिनीच्या स्नायूंत शिरणारे कॅल्शियम रोखते. हाडांना लागणारे कॅल्शियम ती हिरावून घेत नाही. तेव्हा तिच्यासाठी दूध सोडण्याचे कारण नाही. आवरायचे ते मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, इतकेच मीठ घ्यावे. लोणचे, पापड, खारे मासे यांतील मीठही त्यातच धरावे. आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी कधीही बंद करू नये.

मननासाठी प्रश्न :
१. सोडियम वाढल्याने कॅल्शियम पेशीत का अडकते?
२. आपल्या घरी महिन्याला किती मीठ लागते? ते माणशी, दिवसाला किती पडते?